पडदा एक, मागण्या तीन

मैत्रिणींनो, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चिंतामणी दिसलेली साडी घरी येऊन मोरपंखी निघाली, असं आपल्यापैकी प्रत्येकीचं एकदा तरी झालेलं असतं. मग पुढच्या वेळी आपण शहाण्या होतो. "जरा उजेडात बघते हं," म्हणून पदर हातात घेऊन दुकानाच्या दाराशी जातो. दुकानदार मनातून वैतागतो, पण आपण जातो. कॉम्प्युटरचा मॉनिटर घेतानाही अगदी हेच करायचं असतं. मला मात्र हे कळायला साडेतीनशे लग्नपत्रिका रद्दीत जाव्या लागल्या!

त्याचं असं झालं. माझी धाकटी जाऊ घरबसल्या कॉम्प्युटरवर पत्रिका करते. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या, कधी एखाद्या दुकानाची जाहिरात. गेल्या मार्गशीर्षात तिच्याकडे एका लग्नाची पत्रिका आली. तिने डाळिंबी पार्श्वभूमी घेतली, वर सोनेरी अक्षरं. पडद्यावर इतकी सुरेख दिसत होती म्हणून सांगू! छापून आली ती मात्र सुकलेल्या आमसुलाच्या रंगाची. मुलीचे वडील सज्जन गृहस्थ. आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "अहो, मंगलकार्याची पत्रिका आहे. आम्हाला लाल हवा होता." झालं! पत्रिका पुन्हा छापायच्या, त्याही हिच्या पैशाने. त्या महिन्याची सगळी कमाई गेलीच, वर साठवलेल्यातलेही काढावे लागले.

फाइल पुन्हा तपासायला छापखान्यातला माणूस घरी आला. त्याने आमचा मॉनिटर जरा मागे-पुढे वाकवून पाहिला, तर डाळिंबीचा लगेच विटकरी झाला. तो हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्या डिझाइनचा दोष नाही. तुमचा पडदाच खोटं बोलतोय."

रात्री जेवताना नव्या मॉनिटरचा विषय निघाला. वीस हजारांपर्यंत जायचं ठरलं. आणि पाहता पाहता तो मॉनिटर कोणासाठी घ्यायचा हेच सगळे विसरले! आमच्या चिरंजीवांना गेम खेळायला बत्तीस इंची, वळणदार, १६५ हर्ट्झचा हवा. ह्यांना रविवारी रात्री सिनेमा बघायला "चांगला मोठा आणि काळा रंग काळाकुट्ट दिसणारा" हवा, कारण बाहेरचा टीव्ही सासूबाईंच्या मालिकांना वाहिलेला. आणि माझी जाऊ ताटाकडे बघत म्हणाली, "माझं काय वहिनी, मला कुठलाही चालेल."

ते 'कुठलाही चालेल' मला काही रुचलं नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

आधी माणसं, मग मॉनिटर

कागदावर तीन रकाने पाडले : कोण, कशासाठी, किती तास. चौथा रकाना माझ्या मनाचा : पडदा चुकीचा आला तर नुकसान काय? चिरंजीव दिवसाला तासभर खेळतो. पडदा थोडा कमी वेगवान असला तर एखाद्या डावात हरेल. हे आठवड्यातून तीन तास सिनेमा बघतात. काळा रंग थोडा राखाडी दिसला, तरी कथा काही बदलत नाही. जाऊ मात्र रोज पाच-सहा तास बसते आणि रंग चुकला की खिशातून पैसे जातात. हा कागद समोर ठेवल्यावर कोणी वाद घातला नाही. सासूबाईच म्हणाल्या, "अगं, जी कमावते तिच्या हत्याराला आधी धार लावा."

तुमच्या घरी हे उत्तर वेगळं येईल. शिकणारा मुलगा असेल, हिशेब लिहिणारे यजमान असतील. पण चौथा रकाना भरल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. तिथे गेल्यावर खोक्यावरचे ठळक आकडे बोलायला लागतात आणि आपण गप्प होतो.

इंच आणि ठिपके

पडद्याचा आकार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. नुसते इंच मोठे म्हणजे चित्र चांगलं, असं नाही. चित्र ठिपक्यांचं बनतं, आपल्या रांगोळीसारखं. ठिपके तेवढेच ठेवून रांगोळी मोठी केली, तर ती विरळ दिसणारच.

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. क्यूएचडीवर २५६० गुणिले १४४०, म्हणजे जवळजवळ ३७ लाख. आणि फोर-के म्हणतात त्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख, फुल एचडीच्या बरोबर चौपट. फुल एचडी २४ इंचांपर्यंत शोभतं. तेच २७ किंवा ३२ इंचांवर ताणलं, की जवळ बसणाऱ्याला अक्षरांच्या कडा खडबडीत दिसतात. २७ इंचांना क्यूएचडी आणि ३२ इंचांना फोर-के हे माप अंगाला बरोबर बसतं. चिरंजीवांचा बत्तीस इंची स्वस्त कसा, याचं उत्तर इथेच मिळालं. तो फुल एचडी होता!

मग सरसकट फोर-केच का घेऊ नये? पत्रिका करायला, सिनेमा बघायला हरकत नाही. पण गेमसाठी कॉम्प्युटरला दर क्षणी ते सगळे ठिपके नव्याने रंगवावे लागतात. त्याच्या पोटातलं ग्राफिक्स कार्ड साधं असेल, तर फोर-केवर गेम रखडत चालतो. लहान गॅसवर मोठं पातेलं चढवल्यासारखं होतं ते.

पडद्याची जात

कापडात सुती, रेशमी, सिंथेटिक असतं, तशा पडद्यालाही जाती आहेत. त्याला पॅनेल म्हणतात. आमचा सगळा घोटाळा इथेच होता.

टीएन : सगळ्यांत जुनी आणि स्वस्त जात. वेगवान असते, पण वरून, खालून, बाजूने पाहिलं की रंग बदलतो. आमचा जुना मॉनिटर याच जातीचा. जाऊ खुर्चीत जरा खाली सरकली की तिचा डाळिंबी बदलायचा.

आयपीएस : जपानच्या हिताची कंपनीने १९९६ साली बाजारात आणलेली जात. कुठूनही पाहा, रंग जवळजवळ तोच राहतो. ग्राफिक्सच्या कामाला हीच धरावी. दोष एकच : अंधाऱ्या खोलीत काळा रंग थोडा राखाडी वाटतो. पांढरा रंग काळ्याच्या किती पट उजळ, त्या मापाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. साध्या आयपीएसमध्ये ते हजाराच्या आसपास असतं.

व्हीए : हिचा कॉन्ट्रास्ट तीन हजारांच्या आसपास असतो, त्यामुळे काळा रंग गडद दिसतो आणि सिनेमाला मजा येते. वळणदार मॉनिटर बहुतेक याच जातीचे. पण बाजूने पाहिलं की रंग फिकटतात, आणि बऱ्याच व्हीए पडद्यांवर वेगवान गेममध्ये अंधाऱ्या जागी काळसर ओघळ उमटतो. शिवाय वळणदार पडद्यावर पत्रिकेची चौकट सरळ आहे की नाही, हे डोळ्याला पटकन कळत नाही.

ओलेड : इथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि काळं दाखवायचं तर पूर्ण विझतो. गेम आणि सिनेमा दोन्हीला उत्तम. पण एक तर महाग. आणि त्यावर तासन्‌तास एकच पट्टी किंवा चिन्ह स्थिर राहिलं, तर कालांतराने त्याचा डाग उमटू शकतो. रोज सहा तास तेच हत्यारांचे रकाने उघडे ठेवून काम करणाऱ्या बाईने विचार करूनच घ्यावा.

रंगांचा हिशेब

खोक्यावर "१.६७ कोटी रंग" असं लिहिलेलं दिसेल. लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या २५६ छटा, तिन्हींचा गुणाकार केला की हा आकडा येतो. याला आठ बिट म्हणतात. काही स्वस्त पडदे मुळात सहाच बिटांचे असतात, म्हणजे प्रत्येक रंगाच्या फक्त ६४ छटा. मधल्या छटांचा ते भरभर झगमगून आभास करतात. म्हणून मूळ किती बिट, ते विचारा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९६ साली रंगांचं हे सर्वसाधारण माप ठरवलं. पडदा त्यातले किती टक्के रंग दाखवतो, ते विचारायचं. ग्राफिक्सला ९९ टक्क्यांच्या आसपास हवं. काही खोक्यांवर एसआरजीबीचा उल्लेखच नसतो, नुसतं "४५ टक्के एनटीएससी" असतं. तो मॉनिटर रंगकामासाठी घेऊ नका. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी, यावरून ४५ टक्के किती तोकडं, ते समजून घ्या. डीसीआय-पी-थ्री हे सिनेमाच्या रंगांचं माप. व्हिडिओचं काम करणाऱ्यांनी ते बघावं. आणखी एक आकडा डेल्टा-ई, म्हणजे दाखवलेला रंग खऱ्यापासून किती ढळला. तो दोनच्या आत असला की रंगाचा फरक आपल्या डोळ्याला सहसा जाणवत नाही.

आता पत्रिका काळपट का आली, ते सांगते. जात वाईट होतीच, पण आम्ही उजेडही शंभर टक्क्यांवर ठेवला होता. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. मॉनिटरचा उजेड निट्‌स या मापाने मोजतात. साधा मॉनिटर पूर्ण उजेडात अडीचशे-तीनशे निट्‌स देतो, आणि छपाईचं काम मात्र शंभर-सव्वाशेच्या आसपास ठेवून करायचं असतं. तेव्हा उजेड कमी करा. कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरा, दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत खाली आणा. याला काही खर्च नाही.

आणि हेही खरं, की पडद्यावरचे काही भडक रंग छापखान्यात येतच नाहीत. तिथे निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांवर काम चालतं. झगमगता राणी रंग किंवा पोपटी पडद्यावर दिसतो तसा कागदावर उतरत नाही. म्हणून मॉनिटर कितीही चांगला असला, तरी छापून घेतलेला एक नमुना पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

खेळणाऱ्यांचे हर्ट्झ

चिरंजीवांच्या तोंडी सारखे हर्ट्झ. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, तो हा आकडा. ६० हर्ट्झला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला सुमारे ७. धावपळीच्या गेममध्ये हा फरक डोळ्याला दिसतो, मलाही दिसला. पण तेवढी चित्रं कॉम्प्युटरने तयार करायला हवीत ना! त्याने सेकंदाला सत्तरच दिली, तर १६५ चे पैसे बरेचसे वाया. दोघांचा ताल जुळवणारी सोय म्हणजे फ्रीसिंक किंवा जी-सिंक. ती असली की चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसत नाही.

"१ मिलिसेकंद" या आकड्यालाही भुलू नका. तो जीटीजी पद्धतीने मोजला की एमपीआरटी, ते विचारा. दोन पद्धती वेगळ्या, त्यामुळे आकड्यांची तुलना करता येत नाही. एमपीआरटीचा आकडा तर बहुधा पडद्याचा उजेड मध्ये मध्ये विझवून मिळवलेला असतो.

आणि एक गंमत. नवा मॉनिटर जोडला तरी कॉम्प्युटर अनेकदा ६० हर्ट्झवरच राहतो! डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडून आकडा आपण बदलायचा. केबलही तेवढ्या ताकदीची हवी. खोक्यात आलेलीच वापरा, जुनी शोधू नका. घरात प्लेस्टेशन फाइव्ह असेल आणि फोर-केला १२० हर्ट्झ हवे असतील, तर मॉनिटरवर एचडीएमआय २.१ ची सोय आहे ना, ते पाहा.

सिनेमावाल्यांसाठी

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून कॅमेरा संथ सरकताना चित्र किंचित अडखळतं. १२० ला पाचाने, १४४ ला सहाने भाग जातो. हे सांगितल्यावर बाप-लेकांचं पहिल्यांदाच एकमत झालं! रुंद सिनेमाला वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. आयपीएसवर त्या अंधारात राखाडी दिसतात. यावर आम्ही उपाय केला साधा : मॉनिटरच्या मागे एक मंद दिवा लावायचा. डोळ्यांनाही बरं.

एचडीआर हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. त्याच्याजवळ "४००" असेल, तर ती डिस्प्ले-एचडीआरची सगळ्यांत खालची पायरी समजा. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. आणि मॉनिटरला स्पीकर आहेत का, तेही बघा. बऱ्याच मॉनिटरना ते नसतात.

दुकानात जाताना

पेनड्राइव्हवर चार चित्रं न्या : एक पूर्ण पांढरं, एक पूर्ण काळं, एक राखाडी आणि एक आपल्या कामाचं. आम्ही पूर्वी नीट छापून आलेल्या एका पत्रिकेची फाइल नेली आणि ती पत्रिकाही पर्समध्ये ठेवली. दुकानात मॉनिटर बहुधा भडक मोडवर ठेवलेले असतात. आधी 'एसआरजीबी' किंवा 'स्टँडर्ड' करायला सांगा. मग पांढऱ्यावर काळा ठिपका आणि काळ्यावर उजळ ठिपका शोधा. हे मेलेले ठिपके. एखाद-दुसरा असला तर अनेक कंपन्या गॅरंटीत धरत नाहीत, म्हणून नियम आधीच विचारा. नंतर उभं राहून, बसून, डावी-उजवीकडून आपलं चित्र पाहा. घरपोच मागवत असाल, तर खोका उघडताना मोबाइलवर चित्रण करा आणि परतीची मुदत संपायच्या आत याच परीक्षा घ्या.

स्टँड वर-खाली होणारा हवा. एकाच टेबलाशी सहा फुटी यजमान आणि पाच फुटी जाऊ बसणार असली, तर ही चैन नव्हे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर, आणि खिडकी बाजूला असावी. पाठीमागे असली की तिचं प्रतिबिंब पडतं, समोर असली की डोळे दिपतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. आमची जाऊ कुंडीतली तुळस बघते.

कराचंही सांगते. पूर्वी ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ टक्क्यांवर आला. विजेची मात्र धास्ती नको. २७ इंची साधा मॉनिटर छताच्या जुन्या पंख्याच्या निम्म्यानेच वीज घेतो.

आम्ही काय घेतलं?

२७ इंच, क्यूएचडी, आयपीएस, ९९ टक्के एसआरजीबी आणि १४४ हर्ट्झच्या वरचा. एकोणीस हजार आणि काही रुपये. चिरंजीवांचं वळण आणि बत्तीस इंच गेले. आमचं कार्ड जुनं, म्हणून गेमची सजावट थोडी उतरवावी लागते. दोन दिवस फुगून बसला होता, तिसऱ्या दिवशी मित्रांना दाखवायला घेऊन आला. ह्यांचा काळा रंग काळाकुट्ट झाला नाही, पण मागच्या दिव्यावर समाधान मानलं आहे. आणि नियम एकच : काकूचं काम असेल तेव्हा टेबल काकूचं.

पहिल्या पत्रिकेला जाऊने पुन्हा डाळिंबीच रंग घेतला. मला धडकीच भरली होती. पण तिने आधी एक नमुना छापून आणला आणि पडद्याशेजारी धरला. अगदी तंतोतंत नव्हता, किंचित मंद होता. पण डाळिंबी तो डाळिंबीच! गिऱ्हाइकाची त्यावर सही घेतली, मगच छापायला दिलं. आता ती दरातही नमुन्याचा खर्च धरते. पूर्वी तेवढं मागायचंही तिच्या जिवावर यायचं.

तेव्हा मैत्रिणींनो, मॉनिटर घ्यायला निघाल तेव्हा तो रकान्यांचा कागद बरोबर असू द्या. आणि घरात कोणी खाली मान घालून "मला कुठलाही चालेल" म्हणत असेल, तर तिला आधी विचारा, मग बाकीच्यांना.